वाळूगटाला संमती देण्यापूर्वी: सीनाकाठच्या एका प्रश्नाचे उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. सीना-कोळेगाव धरणाच्या खालच्या अंगाला, माढा तालुक्यातील आपल्या गावाच्या हद्दीत, नदीपात्रात पाचशे मीटर लांब आणि चाळीस मीटर रुंद असा वाळूगट प्रस्तावित झाला आहे, त्यातून एक मीटर खोलीपर्यंत वाळू काढायची आहे आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस मागवण्यात आली आहे. सप्टेंबर २०२५ च्या महापुरात घरेदारे गेलेल्यांचे म्हणणे असे की पात्र वाळूने भरल्यामुळेच पाणी गावात शिरले, म्हणून वाळू निघालेली बरी. तर दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वाळू गेली की नदी उघडीबोडकी होईल, पाखरे जातील, विहिरी आटतील. ‘नदीचे रूप जपायचे की गावाची गरज भागवायची’ यांपैकी शास्त्र कोणाच्या बाजूचे आहे, असे आपण विचारले आहे.

भूजल सर्वेक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे अशा गटांच्या पाहण्या करण्यात गेली आहेत, त्यामुळे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर देतो. आपण दिलेल्या माहितीवरून पाहता या जागी, या आकाराच्या गटाला आज शिफारस देऊ नये असे मला वाटते. याचा अर्थ वाळूचा उपसा कोठेच होऊ नये असा मात्र नाही. वाळू काढावी की न काढावी हा वाद घालण्याआधी त्या ठिकाणी दरवर्षी नवी वाळू येते किती, हे मोजले पाहिजे; आणि आपल्याकडे नेमके तेवढेच मोजले जात नाही.

पुराचा मुद्दा प्रथम घेतो, कारण गावातील लोकांच्या मनात आज तोच आहे आणि त्यांचे दुःख खरे आहे. प्रस्तावित गटातून जास्तीत जास्त वीस हजार घनमीटर वाळू निघेल, म्हणजे सुमारे सात हजार ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सीनेला एक लाख क्युसेकचा पूर आला असे धरले, तर सेकंदाला सुमारे २,८३० घनमीटर पाणी वाहते. म्हणजे वाळू काढून झालेला सगळा खड्डा अशा पुरात सात-आठ सेकंदांत भरतो. शिवाय तो सप्टेंबरपर्यंत रिकामा राहतच नाही; जून-जुलैच्या पहिल्या पाण्यानेच तो भरलेला असतो. पुराच्या पाण्याची पातळी ठरते ती खालच्या बाजूला पाण्याला वाट किती मोकळी आहे यावरून: कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढल्या होत्या का, पुलाच्या गाळ्यांमध्ये ओंडके अडकले होते का, पात्रात वेडी बाभूळ किती माजली आहे, काठाची जमीन भराव घालून पुढे कोणी किती ओढली आहे. यांपैकी कोणतीही गोष्ट वाळूच्या खड्ड्याने सुधारत नाही. खालचा बंधारा किंवा कातळाचा उंबरठा आहे त्याच उंचीवर राहिला आणि त्याच्या वरच्या बाजूला आपण पात्र खोल केले, तर तयार होतो तो फक्त एक डोह, आणि त्यातून पाणी लवकर वाहून जात नाही. पुरासाठी म्हणून वाळू काढायची असेल, तर आधी बाभळी, भराव आणि बंधाऱ्याच्या फळ्या यांचा हिशेब मागावा.

आता नदीकडे वळू. दख्खनच्या पठारावरील नद्यांविषयी एक गोष्ट बहुतेक अहवाल विसरतात. आपली सीना, भीमा, प्रवरा किंवा मांजरा या काळ्या बेसाल्ट खडकावरून वाहतात. बेसाल्ट झिजला की त्यातून प्रामुख्याने चिकणमाती तयार होते. वाळूचे प्रमाण त्या मानाने कमी असते. वैनगंगेच्या किंवा प्राणहितेच्या खोऱ्यात ग्रॅनाइट आणि नाईस जातीचे खडक आहेत, त्यातील गारेचे (क्वार्ट्झचे) कण सहजासहजी झिजत नाहीत, म्हणून तिकडे रेतीचे थर जाड असतात. आपल्याकडील थर पातळ असतो आणि त्याच्या खाली लगेच कातळ किंवा मुरूम लागतो. गावकऱ्यांनी खणून पाहिलेल्या चरांमध्ये चार-पाच फुटांवर कातळ लागल्याचे आपण लिहिले आहे. म्हणजे एक मीटर वाळू काढल्यावर कातळावर जेमतेम फूट-दीड फूट वाळू उरणार, आणि जेसीबीचा चालक पात्रात उतरल्यावर फूट-दीड फुटाचे भान ठेवून काम करतो असे निदान मी तरी कोठे पाहिलेले नाही.

ही वाळू तयार व्हायला फार मोठा काळ लागला आहे, आणि ती येण्याची वाट आता पुष्कळशी बंद झाली आहे. वरच्या अंगाला निमगाव गांगर्डाचे धरण आहे, त्याच्या खाली सीना-कोळेगाव आहे, आणि मधल्या ओढ्या-नाल्यांवर बंधारे आहेत. वाळू पाण्याबरोबर तळावरून घरंगळत, उड्या मारत जाते. गढूळपणा धरणाच्या सांडव्यावरून वाहून जाऊ शकतो, वाळू जात नाही. ती जलाशयाच्या शेपटाला, पाणी संथ होते तेथेच बसते. धरणाखाली सुटते ते वाळू नसलेले पाणी, आणि अशा पाण्याला तळावरची वाळू उचलून नेण्याची ताकद अधिक असते. म्हणून धरणाखालच्या पट्ट्यात उपसा अजिबात झाला नाही, तरी वाळू हळूहळू कमी होत जाते. नवी वाळू येते ती फक्त धरणाखाली मिळणाऱ्या उपनद्यांतून आणि ओढ्यांतून. त्यांच्यावरही आता बंधारे झाले आहेत, हे आपण जाणताच.

येथे ‘पुनर्भरण’ या कागदाचा प्रश्न येतो. नियमानुसार प्रत्येक गटासाठी वाळू किती भरून येते याचा अभ्यास असायला हवा. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ आणि २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत तो अपेक्षित आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तर असा अभ्यास नसलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालाच्या (जिल्ह्यात वाळू कोठून व किती काढता येईल हे सांगणाऱ्या अहवालाच्या) आधारे पर्यावरण मंजुरी देता येणार नाही, अशी भूमिका घेतली. प्रत्यक्षात अहवालांत काय सापडते? अनेकदा डेंडी-बोल्टन यांचे सूत्र वापरून पाणलोटाच्या क्षेत्रफळावरून गाळाचा आकडा काढलेला असतो. हे सूत्र अमेरिकेतील जलाशयांत साठलेल्या गाळाच्या मोजणीवरून बसवलेले आहे आणि त्यात माती, पोयटा, वाळू सगळे एकत्र येते. वर धरण असताना धरणामागचे पाणलोट क्षेत्र त्यातून वगळले पाहिजे. ते वगळले नाही, तर कागदावर दरवर्षी भरपूर वाळू येत राहते आणि पात्रात मात्र कातळ उघडा पडत जातो. आपल्या गटाच्या अहवालात पाणलोटाचे क्षेत्रफळ किती धरले आहे, एवढा एकच आकडा पाहिला तरी अहवाल कसा तयार झाला आहे याची कल्पना येईल.

दुसरी फसगत अधिक सूक्ष्म आहे. पावसाळ्यानंतर खड्डा भरलेला दिसतो आणि ‘पाहा, वाळू परत आली’ असे सांगितले जाते. खड्ड्याची वरच्या बाजूची कड उभी असते. पहिल्याच पुरात ती ढासळते आणि वरच्या पट्ट्यातील वाळू घरंगळून खड्ड्यात येते. शेजाऱ्याच्या कणगीतील धान्य आपल्या कणगीत ओतून पीक वाढल्याचे सांगावे, तसा हा प्रकार आहे. म्हणून मोजणी गटापुरती करून चालत नाही. गटाच्या वर आणि खाली किमान अर्धा-अर्धा किलोमीटर पात्राचे आडवे छेद (या काठापासून त्या काठापर्यंत तळाच्या उंचीची मोजणी) घ्यावे लागतात, आणि ते पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याच जागी, त्याच खुणेपासून घ्यावे लागतात. तळाला कातळ असलेल्या नदीत आणखी एक गोष्ट घडते. नदीला खाली जाण्यास वाव उरत नाही, म्हणून ती काठ खाते आणि रुंद होते. सीनेचे काठ उंच आणि काळ्या मातीचे आहेत. पायथ्याची वाळू गेली की ते उभेच्या उभे कोसळतात. वाळूगटाच्या समोरच्या काठावर ज्यांचा ऊस किंवा केळी आहे, त्या शेतकऱ्यांना प्रस्तावाची प्रत मिळाली आहे का, हे अवश्य विचारावे.

पाण्याचा हिशेब मी जरा सविस्तर मांडतो, कारण ग्रामसभेत तो सर्वांना समजेल. भरड वाळूत साठलेल्या पाण्यापैकी उपसता येण्याजोगे पाणी वाळूच्या घनफळाच्या साधारण एक पंचमांश ते एक चतुर्थांश असते. वीस हजार घनमीटर वाळू पूर्ण भिजलेली असताना, कमीत कमी धरले तरी, तिच्यात चार हजार घनमीटर म्हणजे चाळीस लाख लिटर उपसण्याजोगे पाणी असते. जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी ५५ लिटर धरले, तर दीड हजार वस्तीच्या गावाला ते सुमारे ४८ दिवस पुरते. सलग उन्हात उघड्या पाण्यावरून दिवसाला सुमारे सेंटीमीटरभर पाणी उडून जाते, पण वाळूच्या पृष्ठभागापासून दोन फुटांच्या खाली बाष्पीभवन जवळजवळ थांबते. मार्च-एप्रिलमध्ये पात्र कोरडे दिसत असताना बायका वाळूत झिरा उकरून हंडा भरतात, ते याच पाण्यावर. आणि आपल्या पाणीपुरवठ्याची विहीर पात्राच्या कडेला खोदली गेली तीही याच पाण्याच्या भरवशावर. वाळू काढल्यावर ते घनफळ मोकळे होऊन त्यात जास्त पाणी मावते, असा युक्तिवाद आपल्याला ऐकवला जाईल. तो पावसाळ्यापुरता खरा आहे. पुढे त्या उघड्या डबक्याच्या तळाशी चिखलाचा पापुद्रा बसतो, पाणी खाली मुरणे मंदावते आणि उन्हाळ्यात साठा उडून जातो. आपल्या विहिरीपासून गटाची हद्द दोनशे मीटरवर आहे असे आपण लिहिले आहे. कातळावरच्या पातळ थरात हे अंतर फारच थोडे आहे.

नदीच्या रूपाकडे मी मुद्दाम नंतर आलो. ‘सौंदर्य’ म्हटले की कार्यालयात लोक हसतात, हा माझा अनुभव आहे. आणि वाळूचे रूप हा तिच्या कामाचाच दिसणारा भाग आहे, हे त्यांना सांगूनही पटत नाही. पंढरपूरच्या चंद्रभागेचे वाळवंट हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. कीर्तनाला, फडाला, विसाव्याला जी जागा शतकानुशतके लाभली, ती नदीने आणून टाकलेली वाळू आहे. आणि त्याच पात्रात उपशाने पडलेले खड्डे स्नानाला उतरणाऱ्या वारकऱ्यांना धोक्याचे ठरतात. केरळमधील भारतपुळा ऊर्फ निळा नदीचे रुंद वाळूचे पट्टे मल्याळी माणसाच्या मनात असेच घर करून होते. बेसुमार उपशानंतर तेथे गवत, झुडपे आणि झाडोरा वाढला, आणि वाळू उपशाचे नियंत्रण करण्यासाठी केरळला २००१ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. सीनेतही वाळू गेल्यावर काय येईल हे सांगायला ज्योतिषी नको. वेडी बाभूळ आणि पाणकणीस येईल, आणि पुराची वाट आणखी अडेल.

मुलांनी केलेली पक्ष्यांची जी नोंद आपण पत्रात दिली आहे, ती उपयोगी आहे. नदी सुरय, छोटी आर्ली आणि टिटवी हे उघड्या वाळूवर किंवा गोट्यांत, जमिनीवरच अंडी घालतात, आणि त्यांची वीण साधारण फेब्रुवारी ते मे या काळात चालते. पात्र कोरडे असल्यामुळे वाळू उपशाचा जोरही नेमका याच महिन्यांत असतो. अंडी वाळूच्याच रंगाची असल्याने ट्रॅक्टरच्या चाकाखाली ती गेल्याचे चालकाला कळतही नाही. येथे तडजोड होऊ शकते: पाण्याने वेढलेली बेटे आणि डोहाकाठचे पट्टे वगळता येतात.

कायद्याच्या बाजूने एक सावधगिरी आवश्यक आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरयाणा राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वाळू, दगड, मुरूम यांसारख्या गौण खनिजांच्या पाच हेक्टरांपेक्षा लहान पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. मोठ्या क्षेत्राचे लहान तुकडे पाडून मंजुरी चुकवली जात होती, हे त्यामागचे कारण होते. १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने मात्र काही कामांना सूट दिली. पुराने शेतात आलेली वाळू शेतकऱ्याने काढणे, गावाच्या वैयक्तिक वा सामूहिक कामासाठी परंपरेने थोडी वाळू घेणे, आणि धरणे, बंधारे, नद्या यांच्या देखभालीसाठी व आपत्ती व्यवस्थापनासाठी गाळ काढणे ही ती कामे. पहिल्या दोन सवलती रास्त आहेत आणि पुरानंतर आपल्या शेतकऱ्यांनी त्या जरूर वापराव्यात. तिसरीचा मात्र गैरवापर सोपा आहे. उद्या हाच गट ‘पूरनियंत्रणासाठी गाळ काढणे’ या नावाने पुन्हा पुढे आला, तर काढलेला माल कोठे जाणार, त्याची विक्री होणार का, वाहतूक परवाने कोणाच्या नावे निघणार, हे विचारावे. उजनी किंवा जायकवाडीसारख्या जलाशयाच्या शेपटाला साठलेली वाळू काढणे ही वेगळी बाब आहे. तेथे ती धरणाची साठवण खाते, आणि माझ्या मते वाळूची गरज भागवण्यासाठी नैसर्गिक पात्राआधी अशा जागांकडे पाहायला हवे. तरी उजनीकाठच्या भिगवणसारख्या ठिकाणी हजारो रोहित पक्षी उथळ पाण्यावर जगतात, म्हणून वाळू नेमकी कोठून काढायची हे तेथेही जपूनच ठरवावे लागेल.

ज्यांना वाळू हवी आहे त्यांची गरज मी हलकी मानत नाही. घरकुल मंजूर झालेल्या कुटुंबाला वाळू मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही, आणि रात्री चोरून आलेल्या ट्रॉलीचे पैसे द्यावे लागतात. राज्याने २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रास दराने शासकीय डेपोतून वाळू विकण्याचे धोरण आणले, २०२५ मध्ये डेपो बंद करून पुन्हा लिलावाकडे वळले, आणि घरकुलांसाठी पाच ब्रास मोफत देण्याचे ठरवले. धोरणे बदलली तरी नदी किती देऊ शकते हा आकडा कोणत्याही धोरणाच्या केंद्रस्थानी आलेला नाही, ही माझी तक्रार आहे. सरसकट बंदीही मला पटत नाही. बंदीच्या काळात उपसा रात्री होतो, मोजणी कोणाचीच राहत नाही, आणि तलाठी किंवा मंडळ अधिकारी अंधारात हायवासमोर (वाळूच्या मोठ्या डंपरसमोर) उभे राहून जीव धोक्यात घालतात.

दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू हा खरा पर्याय आहे आणि मुंबई-पुण्यातील काँक्रीट प्रकल्प ती फार पूर्वीपासून वापरतात. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीत तिला स्थान आहे. त्या मानकात भरडलेल्या वाळूला १५० मायक्रॉनच्या चाळणीखाली २० टक्क्यांपर्यंत बारीक कण चालतात. गवंडी गिलाव्यासाठी कुरकुरतात, कारण धुतलेली व नीट चाळलेली भुकटी प्रत्येक क्रशरवर मिळत नाही. मात्र नदी वाचवण्यासाठी गावाजवळची टेकडी फोडली, तर केवळ जखमेची जागा बदलते. आधीच चालू असलेल्या खाणींत वाया जाणारी भुकटी वापरली जावी आणि तिची चाचणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी, एवढी मागणी करता येईल. कोकणातील खाड्यांत पाण्यात बुडी मारून वाळू काढण्याची हातपाटी-डुबी पद्धत आहे. तिच्यात माणसाची ताकद हीच मर्यादा असते. सक्शन पंप बसवला की ती मर्यादा संपते. पठारावरील कोरड्या पात्राला ही पद्धत लागू होत नाही, पण यंत्राची बंदी ही उपशाची सर्वांत स्वस्त मोजपट्टी आहे, एवढे त्यातून घ्यावे.

आता ग्रामसभेने काय करावे. ठरावात केवळ ‘विरोध आहे’ असे लिहू नये. अशा ठरावाला उत्तर देणे सोपे असते. गटाचा गट क्रमांक व हद्द लिहून, चर खणून मोजलेली वाळूची जाडी, पाणीपुरवठा विहिरीचे अंतर, वरच्या धरणाचा उल्लेख आणि पुनर्भरण अहवालाची मागणी, असे क्रमाने नोंदवावे. पुलाच्या खांबावर किंवा न हलणाऱ्या कातळावर ऑइल पेंटने खूण करून, तेथून दर पन्नास मीटरवर पात्राचे आडवे छेद या मे महिन्यात आणि पुन्हा पावसाळा संपल्यावर घ्यावेत. त्यासाठी लागणारी लेव्हल मशीन (उंचीतील फरक मोजणारे यंत्र) तालुक्यातील कोणत्याही बांधकाम अभियंत्याकडे मिळते आणि दोन तरुणांना ती एका दिवसात शिकवता येते. काठच्या विहिरींची पातळी दर पंधरा दिवसांनी एकाच वहीत लिहावी. दोन पावसाळ्यांच्या मोजणीत गटाच्या वरचा पट्टा न घटता वाळू वाढल्याचे दिसले, तर त्या वाढीच्या काही भागापुरती, विहिरीपासून दूर, यंत्राविना आणि विणीचा काळ वगळून शिफारस देण्यास माझी हरकत राहणार नाही. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावर २१ दिवस हरकतींसाठी ठेवावा लागतो. तो मसुदा आपल्या जिल्ह्याचा केव्हा निघतो यावर लक्ष ठेवावे आणि ही मोजणी त्या मुदतीत, पोच घेऊन, लेखी दाखल करावी.